डेन्मार्कच्या किनाऱ्यावरची जपानी कालवं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी इथल्या फानो बेटावर कालवं (म्हणजे ऑयस्टर) वेचायला गेले आणि घरच्या ग्रुपवर फोटो टाकला, की दर वेळी तेच प्रश्न येतात. मालवणची मावशी विचारते, एवढी मोठी कशी गं? पुण्याचा चुलतभाऊ विचारतो, फुकट मिळतात तर विकत का नाहीस? भाचीला शाळेच्या प्रोजेक्टसाठी माहिती हवी असते. सगळ्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवते. यापुढे हेच पाठवणार.

हे कालव कोणतं? आपल्या कोकणातलंच का?

नाही. आपल्या कातळावर घट्ट चिकटलेली असतात, बायका सुकतीला बसून टोकदार लोखंडाने फोडून काढतात, ती निराळी. हे जपान, कोरिया आणि त्यांच्या आसपासच्या किनाऱ्यांवरचं कालव. शास्त्रीय नाव मॅगॅलाना गिगास. जुन्या पुस्तकांत क्रॅसोस्ट्रिया गिगास असं सापडेल. गिगास म्हणजे राक्षस, आणि नाव सार्थ आहे. तळहाताएवढं कालव इथे कुणी वळूनही बघत नाही. २०१३ साली याच किनाऱ्यावर ३५.५ सेंटिमीटर लांबीचं एक सापडलं आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. शाळेतली फूटपट्टी त्याला पुरली नसती.

डॅनिश लोक त्याला 'स्टिलेहाव्स-ओस्टर्स' म्हणतात. स्टिले म्हणजे शांत, हाव म्हणजे समुद्र. म्हणजे आपला प्रशांत महासागरच, शब्दाला शब्द. अनवाणी पायाने त्यावर चाललात तर यात शांत काय आहे असा प्रश्न पडेल.

जपानचं कालव युरोपात आलं कसं? कुठल्या जहाजाला चिकटून?

सगळ्यांना असंच वाटतं. जहाजाच्या पोटातल्या पाण्यातून किंवा तळाला चिकटून आलेले पाहुणे जगभर पुष्कळ आहेत, पण याला मात्र माणसाने मुद्दाम आणलं. पैसे मोजून, पेट्या भरून.

त्याआधीची गोष्ट सांगायला हवी. युरोपचं स्वतःचं एक कालव आहे, चपटं आणि गोलसर. ते इतकं मोलाचं मानलं जाई की डेन्मार्कचा राजा दुसरा फ्रेडरिक याने १५८७ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या कालवांवर राजाचा हक्क जाहीर केला. पुढे रेल्वे आली, शहरांतली मागणी वाढली आणि समुद्राचा तळ खरवडून कालवं उपसली जाऊ लागली. कार्ल म्योबियस हे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ याच भागातल्या कालवांच्या वस्त्यांचा अभ्यास करत होते. कालव एकटं जगत नाही, त्याच्याभोवती शेवाळ, किडे, खेकडे, मासे अशी सगळी आळी एकमेकांना धरून असते, हे त्यांनी मांडलं आणि १८७७ साली अशा सहजीवनाला 'बायोसिनोसिस' असं नाव दिलं. आज जीवशास्त्राच्या पुस्तकात असलेली ही कल्पना जिच्यावरून सुचली, ती वस्ती मात्र टिकली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जर्मन किनाऱ्यावरून देशी कालव नाहीसं झालं.

फ्रान्समध्ये वेगळाच प्रकार घडला. १८६८ साली पोर्तुगालहून कालवं घेऊन आलेलं एक जहाज वादळामुळे अडकलं. माल सडला असं समजून तो जिरोंद नदीच्या मुखाशी ओतून दिला. त्यातली काही जिवंत होती. ती इतकी फोफावली की पुढची शंभर वर्षं फ्रान्सचा मोठा धंदा या 'पोर्तुगीज' कालवावर चालला. १९७०च्या सुमारास रोग आला आणि तेही गेलं. मग फ्रान्सने जपान आणि कॅनडातून जपानी कालवं मोठ्या प्रमाणावर आणवली.

नेदरलँड्सने त्याआधीच सुरुवात केली होती. १९६२-६३चा हिवाळा भयंकर कडक होता, त्यात तिथल्या झीलंड प्रांतातली चपटी कालवं गोठून मेली. १९६४ साली तिथल्या शेतकऱ्यांनी (हो, कालवाचीही शेती असते) कॅनडातून जपानी कालवाचं बीज आणलं. आमचं पाणी थंड, यात हे वाढेल पण त्याला पिल्लं होणार नाहीत, असा तेव्हा सर्वांचा भरवसा होता. १९७५ आणि १९७६चे उन्हाळे कडक गेले आणि पिल्लं झाली.

पुढे ते टप्प्याटप्प्याने उत्तरेला सरकत गेलं. १९८३ साली डच टेक्सेल बेटाजवळ मोकळ्या समुद्रात दिसलं. १९८६ पासून जर्मनीच्या सिल्ट बेटावर त्याची शेती सुरू झाली आणि १९९१ साली शेतीच्या बाहेर, नैसर्गिक शिनाण्यांवर (शिनाणे म्हणजे ज्यांना कुणी काकई म्हणतं, कुणी मसल) बसलेलं सापडलं. डेन्मार्क तिथून हाकेच्या अंतरावर. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर २००७च्या सुमारास एकदम ठिकठिकाणी दिसायला लागलं, आणि आता नॉर्वेतही आहे.

पण थंड पाण्यात पिल्लं होत नाहीत ना?

पाणी साधारण १८ ते २० अंशांच्या वर गेलं की होतात. पूर्वी असे उन्हाळे क्वचित यायचे, आता वरचेवर येतात. एक मोठी मादी एका हंगामात ५ ते १० कोटी अंडी सोडू शकते. अळ्या दोन-चार आठवडे पाण्यात तरंगतात, प्रवाह नेईल तिकडे जातात आणि मग काहीतरी कठीण शोधून डावी शिंप तिथे सिमेंटसारखी चिकटवतात. एकदा चिकटलं की जन्मभर तिथेच. कठीण म्हणजे दगड, धक्क्याचे खांब, शिनाण्यांची पाठ, आणि सगळ्यात आवडीचं म्हणजे दुसरं कालव. एकावर एक, त्यावर आणखी एक, असे थर चढत जातात.

आणखी एक गंमत. हे प्राणी बहुधा आधी नर असतात आणि मोठे झाले की मादी होऊ शकतात. भाचीने हे प्रोजेक्टमध्ये लिहिलं तेव्हा बाईंनी खात्री करायला लावली म्हणे. खरं आहे, लिहू दे.

मग बिघडलं काय? कालवंच तर आहेत!

मावशीचा आवडता प्रश्न. याचं उत्तर वीस वर्षांत बदललंय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

इथला समुद्र म्हणजे वाडेन समुद्र: नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या किनाऱ्याला लागून पसरलेला उथळ चिखल-वाळूचा पट्टा. ओहोटीला मैलोन्‌मैल उघडा पडतो. त्यात दगड जवळजवळ नाहीत. कठीण जागा म्हणजे निळ्या शिनाण्यांच्या वस्त्या. कालवाच्या अळ्यांनी नेमक्या त्याच जागा गाठल्या. २००० नंतरच्या काही उष्ण उन्हाळ्यांत संख्या अशी वाढली की एका चौरस मीटरवर हजाराच्या वर कालवं बसलेली आढळली. शिनाणे संपणार, असंच तेव्हा सगळे म्हणत होते.

पक्ष्यांचीही काळजी होती. आयडर बदक शिनाणा अख्खा गिळतं आणि पोटात भरडतं. हे एवढं कालव ते गिळणार कसं? लांब लाल चोचीच्या काळ्यापांढऱ्या ऑयस्टरकॅचरला नावापुरतं कालव परिचयाचं, पण त्याचं मुख्य खाणं शिनाणे आणि इतर शिंपलेच. (हा पक्षी हिवाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावरही उतरतो, वाळूवर चोच खुपसताना पाहिला असेल.) सीगल मात्र हुशार. कालव उचलून उंच नेतात आणि रस्त्यावर किंवा धक्क्यावर आपटतात.

पण शिनाणे संपले नाहीत. कालवांच्या उभ्या धारदार शिंपांच्या मधल्या फटीत, तळाशी, ते जाऊन बसले. तिथे खेकड्यांची नांगी पोचत नाही, पक्ष्यांची चोच पोचत नाही. शिनाणे बारीक राहतात, पण जगतात. ऑयस्टर आणि मसल ही दोन नावं जोडून अभ्यासकांनी अशा मिश्र वस्तीला 'ऑयसल रीफ' असं नाव दिलंय. या वस्तीत बाकीचे जीवही पुष्कळ असतात. म्योबियस यांनी वर्णन केलेली आळी पुन्हा भरली म्हणायची, फक्त घरमालक जपानी.

तेव्हा माझं मत विचाराल तर 'राक्षसाने समुद्र गिळला' हे जितकं खोटं, तितकंच 'काही बिघडलं नाही' हेही खोटं. पक्ष्यांचं ताट दूर सरकलं हे खरंच. कालवांच्या पेट्यांबरोबर परकं शेवाळ आणि शिनाण्यांच्या आतड्यात राहणारे परजीवीही युरोपात उतरले. आणि जिथे पोरं पाण्यात डुंबायची, तिथे आता पाय चिरतो.

पाणी स्वच्छ करतात ना पण?

गाळतात. मोठं कालव तासाला काही लिटर पाणी कल्ल्यांतून ओढतं आणि त्यातले सूक्ष्म जीव खातं. पण त्याच सूक्ष्म जीवांवर शिनाणे आणि बाकीचे शिंपलेही जगतात.

चीनच्या लोकांनी 'आम्ही येऊन खातो' म्हटलं होतं, ते खरं का?

खरं. एप्रिल २०१७मध्ये बीजिंगच्या डॅनिश दूतावासाने वेइबो या चिनी समाजमाध्यमावर लिहिलं, की आमच्या किनाऱ्यावर जपानी कालवं माजलीत आणि आम्हाला त्याचा काही आनंद नाही. खाली हजारो प्रतिक्रिया. आम्हाला खास 'कालव व्हिसा' द्या, बघता बघता संपवून दाखवतो, हा एकूण सूर. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली. तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर ती दर वर्षी एकदा फिरतेच, 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' लिहिलेली.

विनोद जाऊ दे, पण युरोपचं देशी कालव खाऊनच संपवलं ना? मग हे का संपत नाही?

हा प्रश्न चुलतभावाने विचारला, आणि सगळ्यांत चांगला प्रश्न हाच.

देशी कालवाची मादी अंडी पाण्यात सोडून मोकळी होत नाही. पिल्लं काही दिवस शिंपेच्या आतच सांभाळते. त्यामुळे पिल्लं दहा-पंधरा लाखांच्या घरात. जपानी कालवाचा हिशेब कोटींचा. देशी कालव सतत पाण्याखाली लागतं, आणि त्याच्या वस्त्या वर्षानुवर्षं जाळ्याने खरवडल्या गेल्या, वर थंडीचा आणि रोगाचा मार. जपानी कालव भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तासन्‌तास कोरडं राहतं, उन्हातही टिकतं, थंडीतही बऱ्यापैकी टिकतं. २००९-१०च्या कडक हिवाळ्यात सिल्टजवळची बहुतेक कालवं मेली. पण पूर्ण नायनाट झाला नाही, आणि पुढे ती परत आली.

मग जाळ्याने याला का नाही खरवडत? कारण त्याच्याबरोबर शिनाणेही येतील. वाडेन समुद्र जागतिक वारसा आहे (नेदरलँड्स आणि जर्मनीचा भाग २००९पासून, डेन्मार्कचा २०१४पासून). तिथला तळ नांगरून काढायचा म्हणजे पिकासकट तण उपटण्यातला प्रकार. हाताने वेचायची तर माणसं फक्त ओहोटीला चालत पोचता येईल तिथवरच जाणार. शिवाय ही कालवं एकमेकांत वेडीवाकडी गुंतलेली असतात. हॉटेलला हवं असतं सुटं, सुबक, एकसारखं कालव, ते शेतीतलं. आणि तुम्ही एक टोपलं भराल, तेवढ्यात समुद्रात कुठे तरी पुढच्या लाखो अळ्या सुटलेल्या असतील.

'खाऊन संपवू' यात मला एक गोम दिसते. खाणारे जमले की विकणारे जमतात, आणि ज्याच्यावर पोट चालतं ते संपावं असं कुणालाच वाटत नाही. फ्रान्समधल्या कालव-शेतकऱ्याला विचारा. युरोपात विकली जाणारी बहुतेक कालवं याच जातीची आहेत. इकडे ज्याला घुसखोर म्हणतात, तिकडे त्याच्यावर लिंबू पिळतात.

औषध मारून? काहीतरी असेलच की.

शिंपल्याची एक परकी जात औषधाने संपवल्याचं एक उदाहरण मला माहीत आहे, आणि त्याचा संबंध आपल्याशीही आहे.

मध्य अमेरिकेतला एक छोटा काळपट शिंपला आहे, मायटिलॉप्सिस सॅली. तो १९६०च्या दशकात विशाखापट्टणमच्या बंदरात सापडला आणि पुढे मुंबईच्या गोदीतही. तो आपल्याकडे राहिलाच. पण १९९९च्या मार्चमध्ये तोच ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या मरिनांमध्ये (म्हणजे होड्या लावायच्या गोद्यांमध्ये) निघाला, तेव्हा तिथल्या सरकारने तीन मरिना बंद केल्या आणि पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतलं. आतलं बाकी सगळंही मेलं, पण शिंपला महिन्याभरात संपला. हे जमलं कारण डार्विनला भरती-ओहोटीचा फरक प्रचंड असल्याने मरिनांना दरवाजे आहेत. दार लावून घेता आलं. उत्तर समुद्राला दार कुठून आणणार?

नॉर्वे-स्वीडनमध्ये स्वयंसेवक पोहण्याच्या जागा आणि निवडक खाड्या साफ करतात. त्याचा उपयोग होतो, पण तो अंगण झाडण्याइतका. झाडावं लागणार, रोज.

फक्त युरोपातच हा त्रास?

न्यूझीलंडमध्ये १९७०च्या सुमारास आलं आणि तिथल्या देशी खडक-कालवाला शेतीतून हुसकावून बसलं. अर्जेंटिनात १९८०च्या दशकात मुद्दाम सोडलं. ऑस्ट्रेलियात तर एकाच राज्यात, न्यू साउथ वेल्समध्ये, ते काही ठिकाणी परवान्याने पिकवतात आणि बाकी ठिकाणी उपद्रवी ठरवतात.

आपल्याकडे येईल का?

हे कालव आपल्या किनाऱ्यावर पसरलेलं नाही, आणि मला विचाराल तर काळजी याची नाही. केरळकडे बघा. दक्षिण अमेरिकेतला चारू नावाचा शिनाणा अष्टमुडी आणि कोचीच्या खाड्यांत पसरलाय, आणि तिथल्या हिरव्या शिनाण्यांची आणि शिंपल्यांची जागा घेतोय. ज्या बायका-पुरुषांचं घर त्या शिंपल्यांवर चालतं, त्यांच्यासाठी ही परदेशी बातमी नाही. तोही खारट-गोड्या पाण्यात आरामात राहतो आणि दोऱ्या, खांब, होड्या काहीही चालतं त्याला. मावशी, तुमच्या खाडीत शिनाण्यांच्या दोऱ्यांवर अनोळखी काळपट काही दिसलं, तर फोटो काढून मत्स्य विभागाला दाखवा. मला पाठवून उपयोग नाही.

यातून मोती निघतो का?

नाही. मोत्याचा शिंपला निराळ्याच कुळातला. यात कधी निघालाच तर चुन्याच्या खड्यासारखा निस्तेज निघेल.

उघडायचं कसं? इतकं जाड असतं.

पहिल्यांदा मी स्वयंपाकघरातला चाकू वापरला आणि अंगठ्याखाली दोन टाके पडले. कालवाचा चाकू वेगळा असतो: बुटका, जाड पात्याचा, धार नसलेला. डाव्या हाताला जाड हातमोजा. कालव खोलगट बाजू खाली ठेवून ओल्या फडक्यात धरायचं. निमुळत्या टोकाला बिजागरी असते. तिथे चाकूचं टोक रोवायचं, जोर न लावता डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचं. एका क्षणी टोक आत बसतं, ते हाताला कळतं. मग किल्ली फिरवावी तसं फिरवायचं. 'कट्' असा बारीक आवाज येतो आणि खारट पाणी मनगटावर ओघळतं. पातं वरच्या शिंपेला आतून घासत न्यायचं. मधोमध जरा पुढे एक चिवट स्नायू लागतो, तो कापला की झाकण निघतं. आत राखाडी-पांढरं मांस, काठाला काळी झालर, आणि स्नायूच्या जागी शिंपेवर जांभळट डाग.

झाकण आधीच उघडं असेल आणि टकटक करूनही मिटत नसेल, तर ते मेलेलं. फेकून द्यायचं.

कच्ची खाता?

इथले लोक खातात. मी नाही. कालव जे पाणी गाळतं त्यातलं चांगलं-वाईट दोन्ही त्याच्यात साठतं: नोरोव्हायरस, उन्हाळ्यात व्हिब्रिओ जिवाणू, विषारी शेवाळाचं विष. हे विष तर शिजवूनही जात नाही. म्हणून निघण्याआधी त्या भागाबद्दल सरकारी इशारा आहे का, ते बघायचंच. युरोपात जुना नियम आहे की ज्या महिन्याच्या नावात 'आर' आहे, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, त्याच महिन्यांत कालव खावं. आपल्याकडे श्रावण पाळतात तसंच काहीसं.

मी निखाऱ्यावर ठेवते. पाच-सात मिनिटांत स्वतःच तोंड उघडतात, चाकूही लागत नाही. आणखी थोडी शिजू देते, मग मांस काढून, मोठं असेल तर तीन तुकडे करून, कांदा-खोबऱ्याच्या वाटपात सुकं. मालवणच्या कालवाची चव याला नाही. हे मांसल आहे, जरा काकडीसारखा वास आहे, पण गोडवा कमी. मावशीला हे वाचून आनंद होईल.

फुकट मिळतात तर विकत का नाहीस?

घरच्यापुरती हाताने वेचायला मोकळीक आहे. विकायची तर तपासलेल्या पाण्यातली, तपासलेल्या केंद्रातून गेलेली लागतात. आणि एक बादली उचलून चिखलातून दोन किलोमीटर चालून दाखव, मग बोलू.

मी आलो तर नेशील का?

नेईन, पण ऑक्टोबर ते मार्चमध्ये या, आणि पहिल्यांदा वाटाड्याबरोबरच जाऊ. किनाऱ्यावरच्या एस्बियर्ग शहरातून फानोची फेरी बारा मिनिटांची, पुढे गाडीने आणि मग पायी. वाडेन समुद्रात भरती समोरून येत नाही. आधी तुमच्या मागचे ओहोळ भरतात आणि मग कळतं की परतीची वाट पाण्यात गेली. त्यात धुकं उतरलं तर किनारा कुठल्या दिशेला हेही समजत नाही. भरतीची वेळ बघायची, ओहोटीच्या दोन तास आधी निघायचं, आणि घड्याळात ठरलेली वेळ झाली की बादली अर्धी असली तरी परत फिरायचं. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट मी देईन. चपला आणू नका, कालवांवर त्या टिकत नाहीत. आमसुलं मात्र घेऊन या, माझी संपत आलीत.